थांबलेल्या गाडीचे भाडे

दिवाळीची सुटी संपून महाविद्यालय पुन्हा सुरू झाले, की मराठवाड्यातील आमच्यासारख्या अध्यापकांना हजेरीपटावरील काही नावांपुढे सलग गैरहजेरी मांडावी लागते. ही मुले आजारी नसतात आणि उनाडही नसतात. ती आईवडिलांबरोबर ऊसतोडणीला गेलेली असतात. गेल्या वर्षी फाल्गुनात परतलेल्या अशाच एका विद्यार्थ्याला मी वर्गात वाहतूक-खर्चाचे उदाहरण देण्यास सांगितले. तो उठून म्हणाला, "सर, आम्ही पहाटे तीनला गाडी जुंपतो. ऊस काट्यावर जायला संध्याकाळ होते. भाडं मिळतं ते टनावर. मग थांबायचं भाडं कोण देतं?"

वर्गात हशा पिकला. मलाही तत्काळ उत्तर सुचले नाही. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की जनावरांच्या बळावर चालणाऱ्या मालवाहतुकीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलेला आहे. माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, तेव्हा कुणाला तरी त्याची किंमत मोजावीच लागते. ती किंमत भाड्याच्या आकड्यात दिसतेच असे नाही. न दिसणारा भाग कोण सोसतो, हे पाहिल्याखेरीज वाहतूक स्वस्त आहे की महाग, याचा निर्णय करता येत नाही.

प्रथम या वाहतुकीचे मूळ गणित पाहू. आगगाडी कोळसा खाते, मालमोटार डिझेल पिते, तसे बैल किंवा घोडा चारा आणि दाणा खातो. इंजिन बंद केले की त्याचे खाणे थांबते. जनावराचे तसे नसते. ते चालत असो वा उभे असो, त्याला दोन वेळ घालावेच लागते. जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात स्वतःची शेती कसणाऱ्या फोन ट्यूनेन या अर्थशास्त्रज्ञाने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचा काटेकोर हिशेब मांडला आहे. धान्याने भरलेली घोडागाडी बाजाराला निघाली, तर जातायेता घोडे व गाडीवान यांना लागणारे धान्य त्याच गाडीतून काढावे लागेल असे समजा. मग सुमारे पन्नास जर्मन मैलांवर, म्हणजे आपल्या पावणेचारशे किलोमीटरांवर, गाडीत विकण्याजोगे काहीच उरत नाही. इतक्या अंतरावरच्या शेतकऱ्याला बाजार असून नसल्यासारखाच असतो.

हे गणित जर खरे, तर आपल्याकडे त्याच्याही पुढे धान्य आणि मीठ कसे पोहोचत होते? उत्तर भारतातून प्रवास करताना पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला होता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने त्याच शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ वाहणारे वेगवेगळे गट त्याने नोंदले आहेत. पाठीवर गोणी लादलेला एक बैल सव्वा क्विंटलच्या आसपास ओझे नेतो असे धरले, तर दहा हजार बैलांचा तांडा साडेबारा हजार क्विंटल माल हलवीत असे. आजच्या दहा टनी सव्वाशे मालमोटारींचा हा माल आहे. आणि हे सर्व रस्ता नावाची वस्तू नसताना!

हे तांडे बंजाऱ्यांचे, ज्यांना आपण लमाण म्हणूनही ओळखतो. कोकणातील मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य खाली नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८०३ साली शिंदे व भोसले यांच्याविरुद्ध मोहिमेवर निघालेल्या जनरल वेलस्लीच्या फौजेलाही धान्यासाठी बंजाऱ्यांचेच तोंड पाहावे लागले. त्यांची वाहतूक स्वस्त पडण्याचे रहस्य त्यांच्या वेगात नव्हते. तांडा दिवसाला दहा-बारा किलोमीटरच चाले. रहस्य होते वाटेवरच्या गवतात. गायराने, पडीक जमिनी आणि राने यांवर बैल चरत चरत पुढे सरकत. ट्यूनेनच्या गाडीत धान्य खाऊन टाकणारे घोडे होते, तर येथे इंधन फुकट होते. स्त्रिया-मुले, संसार, व्यापार आणि वाहतूक सारे एकत्रच चालत असल्याने घरभाड्याचा आणि मजुरीचा खर्चही वेगळा पडत नसे. म्हणजे भाडे स्वस्त होते, कारण त्याचा एक भाग सार्वजनिक गवत देत होते आणि दुसरा भाग संपूर्ण कुटुंबाचे श्रम देत होते.

गाडीसाठी मात्र रस्ता लागतो, आणि दख्खनेत रस्ता म्हणजे घाट. वेलस्लीने १८०४ मध्ये बोरघाटाच्या माथ्यापासून पुण्यापर्यंत तोफा जाण्याजोगी वाट करून घेतली. परंतु चाकाच्या वाहनांसाठी घाट खऱ्या अर्थाने खुला झाला तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली. त्या काळी देशावर ज्या गाड्या होत्या, त्या शेतातील दगडगोटे आणि खत वाहण्याच्या, भरीव चाकांच्या आणि अवजड. लांबच्या प्रवासाला त्यांचा उपयोग नव्हता. १८३६ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे गेसफर्ड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या सुधारित गाड्या बनविण्याचे काम सुरू केले. शेजारच्या इंदापूर तालुक्यात जमीन-महसुलाची नवी पाहणी याच सुमारास चालू होती, हा योगायोग मानता येणार नाही. सारा रोख रकमेत भरावयाचा तर पीक बाजारात गेले पाहिजे, आणि पीक बाजारात जावयाचे तर गाडी पाहिजे.

सुधारित गाडीचा फरक साध्या आकड्यांत सांगता येतो. पाठीवर सव्वा क्विंटल नेणाऱ्या दोन बैलांना जू लावून आऱ्याच्या गाडीला जोडले, की बऱ्या रस्त्यावर तीच जोडी सात-आठ क्विंटल ओढू लागते. एवढी उत्पादकता वाढल्यावर पाठीवरची वाहतूक मागे पडणे अपरिहार्य होते. गाडीने गावागावांत नवे काम निर्माण केले. तुंबा आणि आरे घडविणारा सुतार, चाकावर धाव चढविणारा लोहार, बैलांना पत्र्या ठोकणारा नालबंद, सापत्या शिवणारा चांभार असे कितीतरी कारागीर तिच्यावर जगू लागले. शेतकऱ्यालाही सुगीनंतरच्या रिकाम्या महिन्यांत भाड्याची कमाई होऊ लागली. परंतु या जमाखर्चात तांड्याच्या बाजूला केवळ खर्चच पडला.

पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. शालेय पुस्तकांमुळे आपली अशी समजूत झाली आहे, की आगगाडी आली आणि बैलगाडी गेली. वस्तुस्थिती तशी नाही. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग तयार झाला. खालच्या बाजूने तो त्याआधीच खोपोलीपर्यंत येऊन पोहोचला होता. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत बांधून झाला नव्हता. या पाच वर्षांत खालच्या गाडीतून उतरलेला माल घाट चढून वरच्या गाडीत जाई, तो बैलांच्या खांद्यावरून. 'कधी गाडीवर नाव, कधी नावेवर गाडी' या आपल्या म्हणीची येथे आठवण व्हावी. लोहमार्ग पुरा झाल्यावरही स्थिती फारशी वेगळी नव्हती. आगगाडी स्थानकापर्यंत येते, खळ्यापर्यंत येत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडातील कापसाला जो भाव आला, त्याने आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने बैलगाड्यांना पूर्वी कधी नव्हते एवढे काम दिले. लांब पल्ल्याची वाहतूक आगगाडीने घेतली, आणि जवळच्या पल्ल्याची गरज तिनेच वाढविली.

या व्यवस्थेचे दुबळेपण १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात उघडे पडले. आगगाडीने धान्य सोलापूरसारख्या स्थानकांवर येऊन पडू शकत होते. तेथून आतल्या गावांत ते न्यावयाचे तर बैल हवेत, आणि चाऱ्यावाचून बैल मरत होते. माणसाच्या अन्नाची आणि जनावराच्या चाऱ्याची टंचाई एकाच वेळी येते, हे जनावरांवर चालणाऱ्या वाहतुकीचे मूलभूत संकट आहे. ज्या वर्षी धान्य हलविण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच वर्षी ते हलविणारे बळ नाहीसे झालेले असते.

आणि तांड्यांचे काय झाले? लागवड पसरली, तशी पडीक राने कमी झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या. फुकटचे गवत संपले आणि तांड्याचे अर्थशास्त्रही संपले. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पुढील काळात ज्यांची नावे नोंदली गेली, त्यांत बंजाऱ्यांचे अनेक गट होते. ज्यांच्या बैलांनी सैन्ये आणि शहरे पोसली, त्यांचे फिरणे हाच संशयाचा पुरावा ठरला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि हे लोक 'विमुक्त' म्हणविले गेले. परंतु गेलेला धंदा कायदा रद्द झाल्याने परत येत नसतो.

विसाव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप पुन्हा बदलले. मोटारी आल्या, आणि रस्ता कोणाच्या पैशाने व कोणासाठी बांधावयाचा हा वाद उभा राहिला. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार पेट्रोलवर कर बसवून १९२९ मध्ये रस्त्यांसाठी केंद्रीय निधी निर्माण झाला. योजना योग्यच होती. पण तिचा एक परिणाम असा, की रस्त्याचा खर्च पेट्रोल जाळणारा देतो आणि लोखंडी धावेची गाडी मात्र तो रस्ता उखडते, अशी भावना बळावली. बैलगाडी ही रस्त्याची मालकीण न राहता आगंतुक ठरली. त्यामानाने १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने दूरदृष्टी दाखविली असे म्हणावे लागेल. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे त्या परिषदेने ठरविलेले उद्दिष्ट होते. पाच मैल म्हणजे बैलगाडीने सकाळी माल टाकून दुपारी घरी परतण्याचे अंतर.

स्वातंत्र्यानंतर नियोजनाची भाषा आली. धरणे, पोलाद आणि वीज यांचे लक्ष्यांक ठरले, परंतु बैलाच्या शक्तीचा उल्लेख क्वचितच आढळतो. बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकात ही उणीव आग्रहाने पुढे मांडली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी देशात सुमारे दीड कोटी बैलगाड्या आणि आठ कोटी ओढकामाची जनावरे होती. एका जनावराची शक्ती अर्धी अश्वशक्ती धरली, तर ही चार कोटी अश्वशक्ती, म्हणजे सुमारे तीस हजार मेगावॅट होते. देशातील सर्व वीजकेंद्रांची त्या काळची एकत्रित क्षमता याच्या आसपास होती. एवढ्या प्रचंड साधनाच्या सुधारणेसाठी मागणे काय होते? आखाला बेअरिंग, चाकाला हवेचा टायर आणि बैलाच्या मानेला घट्टे पडणार नाहीत असे जू. ही मागणी अंतराळात यान पाठविण्याइतकी अवघड खासच नव्हती. तरीही ती प्रामुख्याने अहवालांतच राहिली.

टायरची गाडी सर्वाधिक रुजली ती आपल्याकडे, साखर कारखान्यांच्या परिसरात. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले आणि पुढील तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्राचे रूप पालटले. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर तो वाळतो, वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. त्यामुळे कारखान्याला दररोज, ठरल्या प्रमाणात ऊस हवा असतो. जवळच्या फडांतून तो आणण्यासाठी टायरगाडी सोयीची ठरली. गाडी बहुधा कारखान्याची, तिचे भाडे मजुराच्या हिशेबातून कापले जाते. बैल मात्र मजुराचे. ते विकत घेण्यासाठी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फेडण्यासाठी हंगामभर राबावयाचे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोघेही तोडतात. ती मोळ्या बांधते, गाडी भरू लागते, स्वयंपाक करते. तो गाडी हाकतो. या मजुरांत बंजारा समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ केल्याशिवाय राहत नाही.

आता तांड्याच्या हिशेबाशी हा हिशेब ताडून पाहा. बैलांना उसाचे वाढे मिळतात, म्हणजे चाऱ्याचा बराचसा खर्च पुन्हा बाजाराबाहेर राहतो. सारे कुटुंब कामाला जुंपलेले असते, म्हणजे मजुरीचा मोठा भाग पुन्हा अदृश्य राहतो. मोबदला वजनावर ठरतो, म्हणजे काट्यापुढील रांगेत गेलेले तास कोणाच्याच वहीत चढत नाहीत. उलट त्या तासांत ऊस वाळतो आणि घटलेल्या वजनाचा फटका शेतकऱ्याला व गाडीवानाला दोघांनाही बसतो. गव्हाण मात्र क्षणभरही रिकामी राहत नाही. यंत्र थांबू नये म्हणून बैल आणि माणूस थांबतात, आणि थांबण्याचा खर्च यंत्राच्या मालकाकडे जात नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

ओढकामाच्या जनावरांविषयी केंद्र सरकारने १९६५ मध्ये केलेले नियम या संदर्भात मुद्दाम वाचण्याजोगे आहेत. जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम देऊ नये. तापमान ३७ अंशांपुढे गेले असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला जुंपू नये, असे हे नियम सांगतात. नियम उत्तम आहेत, पाळले जातात की नाही हा भाग वेगळा. परंतु त्याच गाडीवर बसलेल्या माणसाच्या आणि फडात मोळ्या बांधणाऱ्या त्याच्या पत्नीच्या कामाच्या तासांना व्यवहारात कोणतीच मर्यादा नाही. कागदावर तरी बैलाला जे मिळाले, ते बैलाच्या धन्याला मिळालेले नाही.

यावर काही जण म्हणतील, की हा प्रश्न आपोआपच सुटत आहे. ट्रॅक्टर आले, तोडणीयंत्रे आली, बैल कमी झाले. आकडेही त्याला दुजोरा देतात. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता, तो २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत ही तीस टक्के घट आहे. आपल्या राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी घालणारी दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली. तिच्या हेतूची चर्चा येथे करावयाची नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने एवढेच सांगणे भाग आहे, की थकलेला बैल विकून नव्या जोडीच्या खरेदीत जी भर पडत असे, ती आटली आणि बैल बाळगणे अधिक जोखमीचे झाले.

पण बैल जाण्याने प्रश्न सुटतो, हे मात्र मान्य करता येत नाही. तांडा गेला तेव्हा बंजाऱ्यांचा प्रश्न सुटला नव्हता, तो नजरेआड झाला होता. टायरगाडी जाईल तेव्हा मजुराकडून वाहतुकीची कमाई जाईल, बैलजोडी हे त्याचे एकमेव भांडवल जाईल आणि हातात फक्त कोयता राहील. उचल मात्र राहीलच. यंत्राला विरोध करावा असे कोणीही म्हणणार नाही. मागील दोनशे वर्षांत वाहतुकीच्या प्रत्येक सुधारणेने समाज एकंदरीत अधिक संपन्न झाला, हे निर्विवाद आहे. मात्र त्या संपन्नतेतून मागे पडणाऱ्याला भरपाई देण्याची व्यवस्था एकदाही आधी झाली नाही, हेही तितकेच निर्विवाद आहे.

म्हणून जोवर गाड्या चालू आहेत तोवर काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. काट्यापुढील रांगेला वेळापत्रक असावे, आणि ठरावीक वेळेपलीकडे थांबावे लागल्यास टनाच्या दराखेरीज तासाचा दर मिळावा. मालमोटारीला आणि रेल्वेच्या वाघिणीला थांबण्याचा आकार लागतो, तो बैलगाडीला लागण्यात अशास्त्रीय असे काहीच नाही. बैलजोडीचा विमा उतरविण्याचा भार कारखान्याने उचलावा, कारण हंगामभर ती जोडी त्याचेच काम करते. आणि कोयत्याचा हिशेब एक न धरता दोघांचा दोन धरावा, म्हणजे स्त्रीचे श्रम निदान कागदावर तरी दिसतील. यामुळे साखर थोडी महागेल, असे कोणी म्हटल्यास ते खरे आहे. ती आजही तेवढीच महाग आहे. फरक इतकाच, की जादा किंमत आज आपण देत नसून दुसरे कोणी देत आहे.

तो विद्यार्थी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्गात आहे. आईवडील या हंगामातही गेले आहेत, आणि बैलांकडे पाहावयाला तिसरा माणूस हवा म्हणून परीक्षेचे अर्ज भरून तोही गेला आहे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी नियमाप्रमाणे गैरहजेरी मांडतो. हजेरी कमी भरल्यास त्याचे वर्ष अडेल, हेही नियमातच आहे. थांबलेल्या गाडीचे भाडे या घरात आता दुसरी पिढी भरू लागली आहे.